करमाडच्या शिवारातली नोंद

माघ लागला त्या आठवड्यात आमच्या एका मेंढीचं कोकरू जन्मल्यावर तासाभरात गेलं. आदल्या दिवशी दुसरी एक मेंढी कोकराला जन्म देऊन मेली होती. रविवारची सुट्टी म्हणून मी वाडीवर गेले, तेव्हा माझा धाकटा भाऊ अंगद मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या वाघरीजवळ उकिडवा बसून मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होता. आमची आई म्हाळसाबाई पोरकं कोकरू ओच्यात धरून शेजारी बसली होती.

कातडं न फाडता काढायचं होतं. पायांच्या सांध्यांशी गोल चिरा देऊन त्यानं ते सदऱ्यासारखं मानेवरून ओढलं. मग आईनं पोरक्या कोकराचे पाय एकेक करून त्या भोकांतून घातले. कातडं ओलं होतं आणि थोडं सैल बसलं. आईनं पोटाखाली सुतळीची गाठ मारली आणि ज्या मेंढीचं कोकरू गेलं होतं तिच्यापुढं त्याला सोडलं. मेंढीनं शेपटीकडून हुंगलं, एक ढुशी दिली, पुन्हा हुंगलं. मग ती थांबून राहिली आणि कोकरू कासेला लागलं.

"धरलं," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी काढ रं कातडं. नायतर अंगावर सडतं."

अंगदचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. त्याच्या खिशातला फोन वाजला तेव्हा त्यानं मला काढायला सांगितलं. शहरातल्या एजंटाचा निरोप होता. मी तो मोठ्यानं वाचला. परदेशी कामाची परवानगी अडली होती. पासपोर्टावरची जन्मतारीख आणि आधारची जन्मतारीख जुळत नव्हती. व्हिसाची मुदत चोवीस तारखेला संपत होती. तोवर दोन्ही तारखा एक झाल्या नाहीत, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

अंगदनं राखेनं हात घासले. आई म्हणाली, "तारीख म्हंजी काय? माणूस तर त्योच हाये ना?"

जागा सौदीत होती, मेंढ्यांच्या एका मोठ्या फार्मवर. दहावी नापास माणसाला त्या देशात कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते आणि तिचा अर्ज संकेतस्थळावरच करावा लागतो. अंगदला दुसरं काम येत नव्हतं असं नाही. दोन वर्षं तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल चढवायला गेला आणि पाठ धरून परत आला. मेंढरांचं मात्र त्याला सगळं येत होतं. इथं चराई राहिली नव्हती. जिथं आमचा तळ पडायचा तिथं कुंपणं आली, दीडशेच्या कळपाची चाळीस मेंढरं झाली. लग्नाचं बोलणं निघालं की मुलीकडचे विचारत, हा करतो काय? आई सांगायची, मेंढरं. त्यानंतर त्यांचा फोन येत नसे.

चूक माझी होती. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, घरात शिकलेली मी एकटीच. चार वर्षांपूर्वी अंगद सैन्यभरतीला निघाला तेव्हा कागदावरच्या वयानं तो बाद ठरत होता. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म अठ्ठ्याण्णवचा, आणि खरा जन्म दोन हजार एकचा. मी एका अधिकाऱ्याचं पत्र मिळवून आधारवरची तारीख खरी करून घेतली. भरतीत त्यांनी शाळेचा दाखला बघितला आणि त्याला धावू न देताच परत पाठवलं. पुढं पासपोर्ट त्याच दाखल्यावर निघाला. माझी दुरुस्ती तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आधार केंद्रावर आम्ही दीड तास रांगेत होतो. अंगदचे ठसे यंत्रावर उमटेनात. कातर चालवून आणि दोर ओढून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. टेबलामागच्या माणसानं नाकाला रुमाल लावला.

"भाई, हाथ धोके आओ. बकरे की बास आ री."

"मेंढीची," अंगद म्हणाला, आणि नळावर जाऊन हात धुऊन आला.

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि ती बदलून झाली होती. दुसऱ्यांदा बदलायची तर जन्माचा संगणकीय दाखला हवा, हातानं लिहिलेला जुना चालणार नाही, असं त्यानं सांगितलं. पासपोर्ट बदलला तर त्यात चिकटवलेला व्हिसा जाणार, म्हणजे बदलायचं ते आधारच. आदल्या वेळी कोणी बदललं होतं, असं त्यानं सहज विचारलं. मी सांगितलं.

अठ्ठ्याण्णवची जन्मनोंद करमाडच्या अलीकडच्या एका गावात होती. दिवाळीनंतर आम्ही तिकडं निघायचो. चंपाबाईंच्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात त्या जोंधळा द्यायच्या. त्या शेतातल्या लिंबाखाली आईनं पहिल्या मुलाला जन्म दिला. आईच्या आजोबांचं नाव ठेवलं, अंगद. दोन वर्षांनी, पौषात, त्याच लिंबाखाली तो तापानं गेला. मी पाच वर्षांची होते. मला चंपाबाईंच्या घरात बसवून गूळ-शेंगदाणे दिले होते. मी ते सगळे खाल्ले, हे मला अजून आठवतं.

सव्वा वर्षानं दुसरा मुलगा झाला. आबा, माझे वडील सूर्यभान, म्हणाले, त्योच माघारी आला. नाव तेच ठेवलं. शाळेत घालताना मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला, तेव्हा आबांनी ट्रंकेतला होता तो दिला. नाव तेच, पोरगं तेच, मग नवा कागद कशाला? आई आयुष्यभर तसंच सांगत आली. अंगद गेल्ता, आला. लहानपणी ती त्याला म्हणायची, तुला करमाडला लई ताप आल्ता, ध्यानात हाय का? आणि तो म्हणायचा, व्हय. त्या मुलासाठी आईला रडताना मी कधीच पाहिलं नाही.

बुधवारी आम्ही तिघं त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण होता, बाहेरगावचा, अगत्यानं बोलणारा. त्यानं कपाटातून रजिस्टरं काढली. कापडी बांधणीच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या होत्या. जन्माची नोंद लगेच सापडली. आईच्या चेहऱ्यावर उजेड आला. ग्रामसेवक मात्र त्या ओळीच्या समासात लाल शाईनं लिहिलेला आकडा बघत राहिला. मग त्यानं दुसरं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"ताई," तो मला म्हणाला, "या मुलाची मृत्यूचीही नोंद आहे."

त्यानं सांगितलं ते सरळ होतं. जन्माच्या ओळीशी मृत्यू जोडलेला असताना जिवंत माणसाच्या नावानं त्याला दाखला देता येणार नव्हता. दोन वाटा होत्या. जे खरं असेल ते मांडून दुसऱ्या मुलाची उशिराची जन्मनोंद करायची, शाळा, पासपोर्ट सगळं बदलायचं, त्याला सहा महिने लागतील. नाहीतर मृत्यूची नोंद चुकीनं झाली असं आईचं प्रतिज्ञापत्र आणि गावातला एक जुना जाणता साक्षीदार आणायचा. मग ती नोंद रद्द होईल आणि त्याच दिवशी दाखला मिळेल.

"मुलगा तर समोर उभा आहे," तो म्हणाला. "लोक करतात असं."

अंगद खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, आईला हे अवघड नाही. पंचवीस वर्षं ती हेच तर म्हणत आली आहे.

आई म्हणाली, "काय लिव्हलंय त्ये वाच."

मी वाचलं. अंगद सूर्यभान. वय दोन वर्षे एक महिना. मृत्यूचे कारण, ताप. ठिकाण, चंपाबाई यांचे शेत. खबर देणारा, वडील. डाव्या हाताचा अंगठा.

"कोणाचा अंगठा?"

"आबांचा."

आईनं रजिस्टर स्वतःकडं ओढलं. जांभळा ठसा फिकट झाला होता, पण बोटाचा आकार दिसत होता. नोंदीची तारीख मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"मला म्हणले, मीठ आणाया चाललो," ती म्हणाली. मग ठशाकडं बघतच, "मीठ आणलं बी व्हतं."

तिनं त्या ठशावर आपला अंगठा ठेवला नाही, नुसता जवळ धरला, माप बघावं तसा. मग मला म्हणाली, "ह्या पानाची झेरॉक्स घे. त्ये कायबी खोडायच्या आधी."

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर अंगद माझ्याजवळ आला. त्यानं विचारलं, "आक्का, त्यो कसा व्हता?"

"जड होता," मी म्हणाले. "मला उचलत नव्हता."

त्यानं मान हलवली. तो कागद हातात घेऊन त्यानं दोनदा वाचला. अक्षरं लावत वाचायची त्याला सवय आहे, ओठ हलतात. स्वतःचं नाव वाचताना त्याचे ओठ थांबलेले मी पाहिले.

साक्षीदार म्हणून चंपाबाईंशिवाय दुसरं कोणी नव्हतं. शेत विकून झालं होतं, त्यावर आता एका कंपनीचं गोदाम होतं. चंपाबाई गावातल्या घराच्या पडवीत बाजेवर होत्या, ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू. आईच्या आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं. हात धरून शेजारी बसवलं, मेंढरं किती राहिली ते विचारलं, आबा गेल्याचं ऐकून होते म्हणाल्या. अंगदला जवळ बोलावून त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"ह्यो दुसरा का?"

घरात आम्ही तो शब्द कधी वापरला नव्हता. आई म्हणाली, "व्हय. दुसरा."

मी चंपाबाईंना काम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ तोंडातलं पान चघळत राहिल्या.

"म्हाळसे, त्याला ह्या हातानं आंघुळ घातली म्या. तुहे तर हात चालत नव्हते. लुगड्याचा तुकडा माहा व्हता."

"ठावं हाय, आत्या."

"आन् आता म्हनू, काय झालंच नाय?"

कोंबड्या पडवीत आल्या, त्यांना अंगदनं हाकललं. शेवटी आई म्हणाली, "त्यो काय मागत नाय आता कोणाला. ह्येला जायाचंय."

"तू म्हनतीस तर सही करते," चंपाबाई म्हणाल्या. "वरी गेल्यावर त्यानं इचारलं, तर तुहं नाव सांगन."

"सांगा," आई म्हणाली.

परत येताना रिक्षा गोदामावरून गेली. उंच निळ्या पत्र्याची भिंत होती, आत मालट्रक मागं घेताना वाजतो तसा आवाज येत होता. आईनं रिक्षा थांबवली नाही. लिंब कुठं असेल तेही विचारलं नाही. भिंत संपेपर्यंत मात्र ती त्या बाजूलाच बघत होती.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी लिहिला. तो चांगला झाला, त्यात एकही शब्द जास्त नव्हता. शहरात कोर्टाच्या आवारात, पत्र्याखाली टाईप करून घेतला आणि व्यंकटराव नावाच्या वयस्क नोटरींपुढं आम्ही उभे राहिलो. ते वाचून झाल्याशिवाय अंगठा घेत नसत. नुसत्या अंगठ्यापुरतं बाईला पुढं आणलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी आईला खुर्ची दिली.

त्यांनी वाचलं, "माझा मुलगा अंगद हा हयात असून सदर मृत्यूची नोंद नजरचुकीने झालेली आहे. त्या तारखेस माझ्या कोणत्याही अपत्याचा मृत्यू झालेला नाही."

"शेवटचं परत वाचा," आई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

"आजून एकदा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, मग तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी सावकाश. मागं रांगेतला कोणीतरी घड्याळ दाखवत होता. व्यंकटरावांनी विचारलं, "हे खरं आहे ना बाई?"

आईनं पदर डोक्यावर ओढला. ती त्यांच्याशी बोलली की स्वतःशी, मला सांगता येणार नाही.

"मेंढी वासानं फसती, साहेब. म्या फसले नव्हते."

"काय म्हणतात या?" त्यांनी मला विचारलं.

"खरं आहे म्हणते," मी म्हणाले.

माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य आईनं ऐकलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. तिनं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर ठेवला. ठेवल्यावर लगेच उचलला नाही. शाई पुसायला त्यांनी फडकं पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. वाडीवर येईपर्यंत अंगठा तसाच उभा धरून ती बसमध्ये बसली होती.

पुढचं भराभर झालं. ग्रामसेवकानं माझ्यासमोर मृत्यूच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, रद्द असं लिहिलं, सही केली. छापील दाखला निघाला. आधारची तारीख पुन्हा अठ्ठ्याण्णव झाली, त्यासाठी आणखी दोन खेपा आणि अंगदच्या झिजलेल्या बोटांवर तीन वेगवेगळी यंत्रं लागली. एजंटानं अर्ज पुन्हा भरला. एकवीस तारखेला दुपारी परवानगी आली. अंगद तेव्हा लोकर कातरत होता. त्यानं पायाखालची मेंढी पुरी कातरून सोडली आणि मग फोन बघितला.

निघायच्या दिवशी आईनं त्याला घोंगडी दिली. तिकडं ऊन असतं, अंगद म्हणाला. आई म्हणाली, ऊन कुठं नसतं. मग तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली ओढलं आणि टाळू हुंगली, बराच वेळ. तो वाकलेलाच राहिला, पाठ दुखत असतानाही.

त्यानंतर आई बदलली असं मी म्हणणार नाही. चाळीस मेंढरं ती चुलते रामहरीकाकांच्या कळपात घालून त्यांच्यामागं हिंडायची, पूर्वीसारखीच. फक्त झेरॉक्सच्या त्या कागदाला तिनं गावातल्या दुकानातून प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि देव्हाऱ्यात देवांच्या टाकांखाली ठेवला. मी वाडीवर गेले की ती तो काढून द्यायची आणि म्हणायची, वाच. मी वाचायची. अंगद सूर्यभान, वय दोन वर्षे एक महिना. मधेच ती मला थांबवून काहीतरी सांगायची. त्याला ताक आवडायचं. कुत्र्याच्या पाठीवर बसायचा. डाव्या पायानं आधी चालाया लागला. पंचवीस वर्षांत यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती. एकदा मी वाचत असताना ती रडली, तोंड न झाकता, आणि रडून झाल्यावर चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला लागली. मी परात पुढं सरकवून दिली. त्या दिवशी मला कळलं की आई या मुलाला आत्ता पुरते आहे.

श्रावणात ती आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. सरकारी दवाखान्यात सहा दिवस होती आणि सातव्या दिवशी सकाळी, मी चहा आणायला खाली गेले असताना गेली. अंगदला येता आलं नाही. त्याचा पासपोर्ट मालकाकडं होता आणि वर्ष पुरं झाल्याशिवाय सुटी नव्हती. फोनवर तो एवढंच म्हणाला, "आक्का, तू व्हतीस ना जवळ?" मी चहाचं सांगितलं नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. विधीला रामहरीकाका बसले, अंगदच्या वतीनं. मी फोन हातात धरून उभी होते, आणि पडद्यावर अंगद होता. त्याच्यामागं लांब कानांची, उंच पायांची परकी मेंढरं होती, आणि मोकळी वाळू. त्याच्या खांद्यावर आईची घोंगडी होती.

महाराजांनी घरातल्या गेलेल्यांची नावं विचारली, म्हणजे त्यांच्या नावानं पाणी सोडता येईल. काकांनी सांगितली. आजोबा, आजी, आबा.

"आणखी कोणी?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "अंगद."

महाराज थांबले. त्यांनी फोनकडं बोट केलं. "हे आहेत ते?"

"नाही. त्याच्या आधीचा. थोरला."

"वय?"

"दोन वर्षं एक महिना."

"तीन वर्षांच्या आतल्याचं करत नसतात, ताई."

"माहीत आहे. नुसतं नाव घ्या."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मग नाव घेतलं, आबांच्या नावानंतर, मोठ्यानं. काकांनी हातावरून पाणी सोडलं.

मी पडद्याकडं बघितलं. गेलेल्यांमध्ये आपलं नाव घेतलेलं अंगदनं ऐकलं होतं. त्यानं काठी खाली ठेवली, फोन कशालातरी टेकवला आणि कमरेची बाटली उघडली. ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्याकडं न बघता ते हळूहळू वाळूत सोडलं.